शिरवळच्या भुईकोटापासून बाणूरगडापर्यंत : बहिर्जी नाईकांबद्दल कागदात नेमकं काय सापडतं?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की नीरेचा पूल ओलांडल्यावर शिरवळ लागतं. हायवेवरून जाणाऱ्याला गाव आठवतं ते कारखान्यांमुळे, पशुवैद्यकीय कॉलेजमुळे, नाहीतर चहाला थांबलो होतो म्हणून. पण याच गावात नीरेकाठी सुभानमंगळ नावाचा एक भुईकोट होता. आज तिथे बुरुजाचे आणि तटाचे थोडेफार अवशेष उरलेत. स्वराज्याच्या पहिल्या लढाया मोजायला बसलं की सुरुवात या मातीपासून होते.

साल १६४८. शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झालेली. तिकडे बापाला पकडलं आणि इकडे मुलाचा बंदोबस्त करायला विजापूरच्या दरबाराने फत्तेखानाला पाठवलं. खानाने पुरंदरच्या पायथ्याकडे, बेलसरला तळ ठोकला आणि बाळाजी हैबतराव नावाच्या सरदाराला वेगळी तुकडी देऊन शिरवळकडे धाडलं. त्याने सुभानमंगळ घेतला. महाराज तेव्हा पुरंदरावर होते, वय अठराच्या आसपास.

आता नीट बघा. शत्रू दोन ठिकाणी विभागला गेलाय. मोठी फौज बेलसरला, लहान फौज शिरवळला. लहान फौज ज्या किल्ल्यात बसलीय तो डोंगरावरचा नाही, सपाटीवरचा आहे. मग पुरंदरावरून कावजी मल्हारच्या नेतृत्वाखाली मावळे उतरले, सुभानमंगळाला भिडले, तट फोडला, बाळाजी हैबतराव मारला गेला आणि शिरवळ परत हाती आलं. त्यानंतर पुरंदरावर चालून आलेला फत्तेखानही मार खाऊन माघारी गेला.

हे सगळं कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात आहे. पण एक गोष्ट तिथे लिहिलेली नाही. बाळाजी वेगळा निघालाय, तो शिरवळला गेलाय, त्याच्याबरोबर माणसं किती आहेत, खान त्याच्या मदतीला कधी पोचू शकतो, ही माहिती गडावर कुणी आणली? कुणीतरी आणली असणारच. बेलसर ते शिरवळ या वाटेवर कुणाचे तरी डोळे असल्याशिवाय अशी चाल खेळता येत नाही. त्या डोळ्यांचं नाव मात्र या प्रसंगात नाही.

मग त्या रिकाम्या जागी आपण एकच नाव लिहून टाकतो. बहिर्जी नाईक.

शिरवळ घ्या, प्रतापगड घ्या, लाल महाल, पन्हाळा, आग्रा, काहीही घ्या. फेसबुकच्या पोस्टमध्ये, रीलमध्ये, व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमध्ये प्रत्येक ठिकाणी बहिर्जी वेष पालटून आधीच हजर असतात. कधी वासुदेव, कधी फकीर, कधी कोळी. फर्जंद आणि फत्तेशिकस्त या सिनेमांनी त्यांना चेहराही दिला. यातलं काहीच घडलं नसेल असं मी म्हणत नाही. पण या गोष्टी सांगता सांगता एक घोटाळा झालाय. जे खरंच लिहून ठेवलेलं आहे, तेच लोकांना माहिती नसतं. आणि जे लिहून ठेवलेलं आहे ते वेषांतराच्या गोष्टींपेक्षा कितीतरी भारी आहे.

तर कागदावर काय आहे?

महाराजांच्या चरित्राचं सगळ्यात जवळचं मराठी साधन म्हणजे सभासद बखर. कृष्णाजी अनंत सभासद हे महाराजांच्या दरबारातले गृहस्थ. पुढे राजाराम महाराज जिंजीला असताना त्यांच्या आज्ञेवरून, १६९७ च्या सुमारास त्यांनी ही बखर लिहिली. म्हणजे महाराज जाऊन सतराएक वर्षं झाली होती आणि त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. या बखरीत बहिर्जींचा ठळक उल्लेख तीन ठिकाणी येतो. तीनच. पण तिन्ही जागा कुठल्या आहेत ते बघितलं की माणूस उभा राहतो.

पहिली जागा लढाईतली नाहीच. ती आहे सैन्याच्या रचनेची.

सभासद सांगतो की घोडदळ कसं बांधलं होतं. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. पाच हजारींवर पंचहजारी. सगळ्यांच्या वर सरनोबत. पगार ठरलेले, जुमलेदाराला वर्षाला पाचशे होन, हजारीला हजार, पंचहजारीला दोन हजार. प्रत्येक मोठ्या अधिकाऱ्याच्या शेजारी हिशेब ठेवणारा कारकून. आणि या साखळीतच आणखी काही माणसं बसवलेली : वाकनीस, म्हणजे घडलेलं लिहून ठेवणारे, हरकारे, म्हणजे निरोप पोचवणारे, आणि जासूद, म्हणजे हेर. पंचहजारीच्या पातळीवर ही सगळी व्यवस्था. आणि सरनोबताच्या तैनातीला, या जासुदांच्या वर नाईक कोण, तर बहिर्जी जाधव. मोठा शहाणा आणि चौकस माणूस निवडून तिथे ठेवला होता, असं सभासद म्हणतो.

एवढीच नोंद. पण तिच्यातून तीन गोष्टी कळतात.

एक म्हणजे नाईक हे इथे पद आहे. जासुदांचा नाईक, जसा आजच्या भाषेत एखाद्या खात्याचा प्रमुख. आडनाव सभासदाने जाधव दिलंय. रामोशी-बेरड समाजाची परंपरा बहिर्जींना आपला पूर्वज मानते आणि तो अभिमान त्या समाजाने पिढ्यान् पिढ्या जपलाय. ऑनलाईन यावरून लोक एकमेकांना शिव्या घालत बसतात, ते बघून वाईट वाटतं. ज्या माणसाचं कामच आपली ओळख झाकणं होतं, त्याच्या ओळखीवरून भांडण.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हेरखातं हा महाराजांच्या मर्जीतल्या चार माणसांचा खासगी कारभार नव्हता. ते सैन्याच्या आस्थापनेत होतं, पगारपत्रकावर होतं आणि त्याची जागा सरनोबताच्या शेजारी होती. खबर आधी ज्याला हवी त्याच्याच जवळ खबर आणणारा बसवलेला.

आणि तिसरी. हेराच्या बाजूला लिहिणारा माणूसही आहे. तोंडी खबर वेगळी आणि लेखी नोंद वेगळी. एकाने चूक केली, फितुरी केली, थापा मारल्या, तर दुसऱ्याकडून कळायला वाट ठेवलेली.

ही कल्पना महाराजांनी हवेतून आणली नव्हती. मुघलांकडे याचं प्रचंड मोठं यंत्र होतं. प्रत्येक सुभ्यात वाकेनवीस असायचा, तो उघडपणे बातमीपत्र लिहायचा. त्याच्या बातमीवर विसंबून राहायला नको म्हणून सवानेहनवीस असायचा. आणि हे दोघंही सुभेदाराला सामील झाले तर काय, म्हणून खुफियानवीस, ज्याचं नाव सुभेदारालाही कळता कामा नये. ही बातमीपत्रं बादशहापुढे जायची. कागदावर एकदम चोख व्यवस्था. अडचण एवढीच की साम्राज्य अवाढव्य होतं आणि बातमी दरबारात पोचून तिथून हुकूम सुटेपर्यंत घोडं पाणी पिऊन गेलेलं असायचं. इकडे स्वराज्य लहान. बातमी आणि तलवार यांच्यात एका माणसाचं अंतर.

किल्ल्यांवरही हाच नमुना दिसतो. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघं बरोबरीचे अधिकारी. एकाच्या हातात चावी, एकाच्या हातात कागद, एकाच्या हातात शिबंदी. धान्य-दारूगोळ्याचा हिशेब बघायला कारखानीस वेगळा. एकटा माणूस फितूर झाला तरी गड देता येऊ नये ही त्यामागची अक्कल. पुढे ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांची कामं ठरली, तेव्हा वाकनिशी मंत्र्याकडे आली. हे मंत्री म्हणजे दत्ताजी त्रिंबक. राजाच्या भेटीगाठी, आमंत्रणं-निमंत्रणं आणि राजकारणातल्या सावधगिरीची जबाबदारी त्यांची. म्हणजे फौजेबरोबर फिरणारी खबर वेगळी आणि राजाभोवतीची खबर वेगळी, अशी विभागणी झाली होती. आज देशादेशांत लष्करी गुप्तवार्ता आणि अंतर्गत गुप्तवार्ता अशी जी दोन दालनं असतात, त्याच जातीची ही वाटणी.

आता दुसरी जागा. सुरत.

सभासद लिहितो की सुरतेहून बहिर्जी जासूद आला आणि त्याने सांगितलं की सुरत मारली तर अगणित द्रव्य सापडेल. बास. पण हे वाक्य ज्या काळात येतं तो काळ बघा. १६६० ते १६६३, तीन वर्षं शाहिस्तेखान पुण्यात ठाण मांडून बसलेला. मुलूख उजाड झालेला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात जाऊन खानाची बोटं तोडली, खान गेला, पण तिजोरी रिकामी ती रिकामीच. पैसा हवा होता आणि तोही मुघलांच्याच खिशातून. अशा वेळी कुठे हात घालायचा हे सांगणारा माणूस म्हणजे नुसता निरोप्या नव्हे.

राजगडापासून सुरत तीनशे किलोमीटरहून लांब. मधे मुघलांचा मुलूख, नद्या, घाट. घोडदळ घेऊन जायचं तर चारा कुठे, नदीला उतार कुठे, ठाणी कुठली टाळायची हे आधी कळायला हवं. १६६४ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मराठी फौज सुरतेच्या दक्षिणेला गणदेवीपर्यंत आली, तेव्हा कुठे शहरात बोंब उठली. ६ तारखेला फौज सुरतेच्या वेशीवर.

आणि सुरतेची अवस्था? मुघल साम्राज्याचं सगळ्यात श्रीमंत बंदर. मक्केला जाणारी जहाजं इथून सुटायची. पण शहराला धड तट नव्हता. सुभेदार इनायतखानाला सरकारातून पाचशे शिपायांचा खर्च मिळायचा आणि शिपाई मात्र तो ठेवत नव्हता, पैसे खिशात घालायचा, असं जदुनाथ सरकारांनी नोंदवलंय. म्हणजे मुघलांची हजेरी कागदावर होती आणि प्रत्यक्षात वेशीवर कुणी नव्हतं. इनायतखान पळून किल्ल्यात जाऊन बसला. ही असली माहिती बादशहाच्या वाकेनविसाला कळली नसेल तर आश्चर्य आणि कळून त्याने लिहिली नसेल तर त्याहून मोठं आश्चर्य. आपल्या माणसाला ती कळली होती असंच पुढच्या चार दिवसांवरून दिसतं.

कारण त्या चार दिवसांत मराठी फौज आंधळेपणाने फिरली नाही. वीरजी व्होरा आणि हाजी सैद बेग हे त्या काळातले अफाट श्रीमंत व्यापारी, त्यांच्या वाड्यांवर फौज नेमकी पोचली. तोफा असलेल्या किल्ल्याशी झुंजण्यात वेळ घालवला नाही. इंग्रज आणि डच आपल्या वखारीत बंदुका घेऊन बसले होते, तिथे डोकं फोडून घेतलं नाही. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहून गेलाय की कॅपुचिन पाद्री फादर अँब्रोज यांच्या मठाला हात लावला गेला नाही आणि डच कंपनीच्या एका दिवंगत दलालाचं घरही सोडून दिलं, कारण तो माणूस मोठा दानशूर म्हणून प्रसिद्ध होता.

जरा थांबून विचार करा. अनोळखी शहरात एक घर दानशूर माणसाचं आहे, तो माणूस वारलाय, घर कुठे आहे, हे तीनशे किलोमीटरवरून आलेल्या स्वाराला कसं कळणार? एका रात्रीत वेष पालटून फेरफटका मारून हे कळत नाही. त्यासाठी गल्लीत राहावं लागतं, बाजारात बसावं लागतं, लोक कुणाबद्दल काय बोलतात ते ऐकावं लागतं. सुरतेत आपली माणसं बराच काळ वावरली असणार, हा माझा अंदाज त्या एका घरावरून आहे.

१० जानेवारीला मराठी फौज अचानक निघून गेली. मुघल कुमक सुरतेत पोचली ती १७ ला. म्हणजे निघायची वेळ सांगणाराही कुणी होता.

आणि गंमत बघा. दोन वर्षांनी, १६६६ मध्ये थेवनो नावाचा दुसरा फ्रेंच प्रवासी सुरतेत उतरला. लोक त्याला काय सांगत होते? की शिवाजी स्वतःच फकिराच्या वेषात शहरात येऊन सगळं बघून गेला होता. ज्याने खबर काढली त्याची सावलीही सुरतकरांना दिसली नव्हती. श्रेय थेट राजाच्या खात्यावर जमा.

मला वाटतं जासुदांच्या नाईकाला याहून मोठी पावती मिळूच शकत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण हेरगिरी म्हटलं की आपण दाढी-मिशा चिकटवण्यापलीकडे जात नाही. त्या काळात खबर यायची ती बहुतेक रयतेकडून. गुराखी, तेली, बाजारकरी, घाटवाटांवरचे राखणदार. आणि रयत खबर कुणाला देते? जो तिचं उभं पीक कापून नेत नाही त्याला. महाराजांच्या फौजेचे नियम या नजरेने वाचले पाहिजेत. आठ महिने मुलूखगिरी, पावसाळ्यात छावणी. निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी, परत आल्यावर पुन्हा झडती, जास्तीचं निघालं तर सरकारजमा. बायका, कुणबिणी, कलावंतिणी फौजेबरोबर नाहीत. रयतेला उपद्रव नाही. चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या त्या प्रसिद्ध पत्रात तर गवताच्या गंजीपासून उंदराने पळवलेल्या दिव्याच्या वातीपर्यंत काळजी आहे, आणि कुणब्याच्या घरचा दाणा-लाकूड उचललंत तर लोकांना तुमच्यापेक्षा मुघल बरे वाटतील असा इशाराही आहे. हे नीतीचं आहेच. पण बहिर्जींच्या खात्याच्या दृष्टीने हे त्यांच्या कामाचं भांडवलही होतं. लुटलेल्या गावात हेराला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.

आता तिसरी जागा. ही मला सगळ्यात मोठी वाटते आणि हीच सगळ्यात कमी शेअर होते. कारण ही गोष्ट विजयाची नाही.

नोव्हेंबर १६७९. दिलेरखान विजापूरच्या मुलखात धुमाकूळ घालत होता आणि विजापूरकरांनी महाराजांची मदत मागितली होती. मुघलांचं लक्ष तिकडून काढायला महाराज थेट मुघल मुलखात घुसले आणि जालन्यावर पडले. जालना म्हणजे तेव्हाची मोठी बाजारपेठ. चार दिवस शहर लुटलं.

नकाशा काढा. जालना औरंगाबादच्या पूर्वेला. औरंगाबाद म्हणजे दख्खनच्या मुघल कारभाराचं मुख्य ठिकाण, तिथे शहजादा खुद्द बसलेला. आणि महाराजांचं घर पश्चिमेला. म्हणजे लुटीने लादलेली जनावरं घेऊन, सैन्याचा वेग मंदावलेला असताना, शत्रूच्या राजधानीला वळसा घालून परत यायचं. एरवी वाऱ्यासारखी फिरणारी फौज या वेळी जड झाली होती.

परतीच्या वाटेवर रणमस्तखानाने गाठलं. तीन दिवस झुंज झाली. सिदोजी निंबाळकर हा पंचहजारी लढता लढता पडला, त्याच्याबरोबर पुष्कळ माणसं पडली. आणि मागून मुघलांची आणखी कुमक येत होती. ती पोचली असती तर महाराज घेरले गेले असते.

त्या घडीला काय पणाला लागलं होतं ते आठवा. युवराज संभाजीराजे वर्षभरापूर्वी दिलेरखानाकडे गेलेले होते आणि नेमके याच दिवसांत त्याच्या छावणीतून निसटत होते, पन्हाळ्याला अजून पोचायचे होते. राजाराम महाराज नऊ वर्षांचे. राज्याभिषेकाला पाच वर्षं होऊन गेलेली, म्हणजे ज्याच्यावर छत्र धरलं होतं तो राजा मुघलांच्या मुलखात अडकलेला आणि वारस जागेवर नाहीत. अफजलखान किंवा आग्र्याएवढा हा प्रसंग गाजला नाही, पण धोका त्या तोडीचा होता.

इथे सभासद बहिर्जींना पुढे आणतो. त्यांनी महाराजांना सुखरूप नेण्याची हमी घेतली आणि फौजेला अशा आडवाटेने काढलं की मुघलांना माग लागला नाही. तीन दिवस, तीन रात्री चाल. शेवटी फौज पट्टा किल्ल्याच्या आश्रयाला पोचली. अकोले तालुक्याच्या उत्तर कडेला, सिन्नरच्या बाजूला हा डोंगरी किल्ला आहे. महाराज तिथे काही दिवस राहिले, थकलेलं सैन्य विसावलं, आणि गडाचं नाव पडलं विश्रामगड. ट्रेकला जाणारी पोरं आजही हेच नाव घेतात.

यात वेषांतर नाही, शत्रूच्या महालात शिरणं नाही. फक्त वाट माहिती असणं आहे. कुठल्या घळीतून हजारो घोडी जातील, कुठे पाणी आहे, रात्री कुठल्या डोंगराच्या आडोशाने गेलं तर मशालीशिवाय चालता येईल. ऐन गोंधळात हे आठवत नाही, ते आधीपासून पायांत असावं लागतं. बहिर्जींनी किंवा त्यांच्या माणसांनी तो मुलूख कधीतरी आधी तुडवून ठेवला होता, तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हतं की त्या वाटेची गरज पडेल.

एरवी सगळ्या फौजेत शेवटचं मत सरनोबताचं, पंचहजारींचं. त्या तीन दिवसांत मात्र राजा आणि अख्खी फौज एका जासुदाच्या शब्दावर अंधारात चालत होती.

यानंतर पाचच महिन्यांत, ३ एप्रिल १६८० ला, महाराज रायगडावर गेले. विश्रामगडाहून परतल्यावरचे ते महिने संभाजीराजांशी पन्हाळ्यावर भेट, धाकट्या राजारामांचं लग्न अशा घडामोडींत गेले. विचार करा, आडवाट सापडली नसती तर यातलं काहीच घडलं नसतं.

बहिर्जींची अखेर कुठे झाली? त्यासाठी साताऱ्यातून सांगलीत यावं लागतं. खानापूर तालुक्यात बाणूरगड आहे, जुनं नाव भूपाळगड. गडावर महादेवाचं देऊळ आहे आणि तिथेच बहिर्जी नाईकांची म्हणून दाखवली जाणारी समाधी. परिसरातल्या लोकांची श्रद्धा पक्की आहे. कुणी सांगतं की जखमी होऊन ते गडावर आले आणि महादेवासमोर प्राण सोडला, कुणी सांगतं की शत्रूची खबर काढताना घात झाला.

एक गोष्ट मात्र तारखा लावून बघितली की बसत नाही. काही पोस्टमध्ये असं असतं की दिलेरखानाने भूपाळगड घेतला त्या लढाईत बहिर्जी पडले. ती लढाई एप्रिल १६७९ ची. तेव्हा संभाजीराजे दिलेरखानाबरोबर होते. गडावर फिरंगोजी नरसाळा, चाकणला शाहिस्तेखानाशी दीड महिन्याहून जास्त झुंजलेला तोच म्हातारा किल्लेदार. समोर युवराज दिसल्यावर तोफ कुणावर डागायची, हा त्याच्यापुढचा पेच. गड पडला आणि दिलेरखानाने हाती लागलेल्या सातशे माणसांचा एक एक हात तोडला. संभाजीराजांचं मन मुघलांवरून उडायला या प्रकाराचा वाटा होता असं मानलं जातं.

पण जालन्याची स्वारी त्यानंतरची, नोव्हेंबरची. एप्रिलमध्ये पडलेला माणूस नोव्हेंबरमध्ये फौजेला वाट दाखवू शकत नाही. तेव्हा समाधी बहिर्जींची असेल तर त्यांचा मृत्यू पट्टा किल्ल्याच्या चालीनंतरचा धरायला हवा. समाधीची परंपरा यामुळे खोटी ठरत नाही, फक्त ती त्या एका लढाईला जोडता येत नाही.

भूपाळगडाची जागाही हेरखात्याच्या माणसाला साजेशी आहे. विजापूरच्या वाटेवर नजर ठेवणारा हा गड स्वराज्याच्या अगदी कडेला. पूर्वेकडे पठार उघडं पडलेलं, कोण येतंय ते लांबून दिसावं असं. सीमेवरच्या अशा ठिकाणी खबर सगळ्यात आधी येते.

शिरवळला सुभानमंगळाच्या ढासळलेल्या बुरुजाजवळ उभं राहिलं की नीरा दिसते आणि हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येतो. १६४८ मध्ये बाळाजी हैबतराव इथे आलाय हे पुरंदरावर जाऊन सांगणारा माणूस बहिर्जी होता की त्यांच्या आधीचा कुणी, ते शिवभारताने आपल्यापर्यंत पोचवलं नाही. बाणूरगडावर मात्र आजही वस्ती आहे. गाडी वरपर्यंत जाते. महादेवाच्या देवळापाशी कुणालाही विचारा, नाईकांची समाधी कुठली ते लगेच दाखवतात.